फाटकाजवळचा कॅमेलिया

मोबील, अलाबामा
सोमवार, २५ मार्च

प्रिय लूसील,

मी बरी आहे. तूही बरी असशील, कंबर सोडून. कंबरेचं मला कुठून कळलं ते पुढे येईलच.

पाकिटावर माझं अक्षर पाहून कुणी वारलं की काय, असं तुला वाटलं असेल. अकरा वर्षांनी पत्र आलं की माणसाला तेच वाटतं. कुणी वारलेलं नाही. निदान माणूस तरी नाही.

इथे अझेलिया फुलून ओसंडताहेत आणि पाइनचे पिवळे पराग गाडीवर, पायरीवर, मांजरावर, सगळीकडे बसलेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासात मी यंदा गोड सोडलंय. फादर म्हणाले होते, राग सोडून पाहा. मी म्हटलं, फादर, साखर सोडते.

परवा शनिवारी बागेतला वसंत मेळावा होता. घरच्या बागेवाल्यांसाठी व्याख्यानं, प्रात्यक्षिकं, रोपांची अदलाबदल, सगळं एका दिवसात. मी जाणार नव्हते. समोरच्या आयनेझ पेटवे (शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि साठ वर्षांनी उत्साही) दारात येऊन म्हणाल्या, "मिस ओडील, घरात बसून तुमचं लोणचं व्हायला लागलंय. टोपी घाला." मी टोपी घातली.

लूसी, तू तिथे नव्हतीस ते बरं झालं. गाडी लावायच्या जागेभोवती क्रेप मर्टलची बावीस झाडं आहेत. बावीसच्या बावीस खांद्यापासून छाटलेली. हात तोडलेल्या माणसांची रांग उभी असावी तसे ते बुंधे, आणि टोकाला गाठी आलेल्या, म्हणजे दरवर्षी हेच करतात. आणि फाटकावर पाटी काय, तर "झाडांची योग्य छाटणी शिका, दहा वाजता". मला शिसारी आली. त्यात प्रत्येक ओकच्या बुंध्याशी लाल रंग दिलेल्या लाकडी भुशाचा गुडघाभर ढीग. खोड कुजवायचं असेल तर दुसरं काही करायला नको. मी छत्रीच्या टोकाने एका झाडाचा ढीग बाजूला सारला, तर बिल्ला लावलेली एक बाई धावत आली, "मॅडम, सजावटीला हात लावू नका." सजावट!

आत आणखी वाईट. वाळलेल्या गवताला हिरवा रंग देणारी फवारणी विकणारा. "आजीची बाग" अशी अक्षरं कोरलेले दगड विकणारी एक मुलगी, जिची आजी, मी विचारलं म्हणून कळलं, शिकागोत सहाव्या मजल्यावर राहते. पावात चिकन सॅलड होतं, त्यात चिकन शोधावं लागलं. आणि सगळीकडे त्या बायका, ज्या एकमेकींच्या बागेला "किती गोड" म्हणतात आणि पाठ फिरली की नाक मुरडतात. मीही त्यांतली एक आहे हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

मग मुख्य पाहुणा. अटलांटाहून आलेला, गालाला चिकटलेला माइक, पायात चिखल न पाहिलेले बूट. नाव कॅलवे. पहिली वीस मिनिटं त्याने मातीशी नातं जोडण्याबद्दल सांगितलं. मातीला हात मात्र लावला नाही, कारण माती आणलीच नव्हती. मग कॅमेलियाच्या फांदीला झाडावरच मुळं फुटावीत म्हणून गुटी कशी बांधायची ते दाखवायला घेतलं. फांदीवर सुरीने दोन कडी ओढली, मधली साल काढली, आणि लगेच ओलं शेवाळ लावून वर चांदीचा कागद गुंडाळला. झालं म्हणे. टाळ्या.

मी उठले. आयनेझने माझा झगा खाली ओढला, तरी उठले. म्हटलं, सालीखालचा हिरवट बुळबुळीत थर खरवडला नाहीत, तर जखम भरून येते आणि मुळं फुटत नाहीत. शिवाय मार्चमध्ये साल सुटतही नाही, एप्रिल संपत यायला हवा. तुमची फांदी ऑक्टोबरपर्यंत शेवाळ बांधून नुसती बसून राहील.

तो हसला आणि म्हणाला, "आपल्यात जुन्या परंपरेचा एक आवाज आहे." लोकांनी मलाही टाळ्या वाजवल्या. किळस आली मला, त्यांचीही आणि थोडी माझीही, कारण मला बरं वाटलं होतं.

ते खरवडणं आपल्याला आईने शिकवलं होतं. तुझ्या हाताला ते लगेच जमलं.

आता अदलाबदलीच्या टेबलाचं सांगते. म्हणजे हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते सांगते. आतापर्यंतची दोन पानं मी पाय ओढत होते, हे तुला कळलंच असेल.

नियम साधा, एक रोप ठेवा, एक न्या. मी आपले लिलीचे कांदे नेले होते. टेबलाच्या टोकाला कॉफीच्या पाच डब्यांत पाच छोटे कॅमेलिया होते. एकाला उशिराचं एक फूल होतं. पांढरं, आणि एकाच पाकळीवर गुलाबी रेघ, जशी कुणी ब्रश पुसायला ओढावी. डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर "आईचं फाटक". 'फ'चा पाय तसाच लांबवलेला, ज्यावरून सिस्टर इम्माकुलाता तुझ्या बोटांवर पट्टी मारायच्या.

टेबलामागे डोरीन सॅचर नावाच्या बाई होत्या. तुझ्या चर्चच्या, लॉरेलहून गाडी चालवत आलेल्या. बोलक्या. मी न विचारता त्यांनी सगळं सांगितलं. की मिस लूसील कंबर मोडल्यापासून प्रवास करत नाहीत, पण दर वसंतात खुर्चीवर बसून गुट्या बांधतात आणि ज्याला हवं त्याला रोप देतात. हे फूल कुठल्याही नर्सरीत मिळत नाही, त्यांच्या आईने बीपासून वाढवलेलं, नाव नसलेलं. अट एकच, आभार मानायचे नाहीत. मानले की रोप मरतं.

"आणि पहिलं रोप," डोरीनबाई म्हणाल्या, "सगळ्यात जोमदार होतं, ते त्यांनी स्वतःला नाही ठेवलं. थोरल्या बहिणीला दिलं. ती इथेच असते, मोबीलला. मिस लूसील म्हणतात, माझ्याकडे आहे ते दुय्यम, खरं झाड बहिणीकडे. आता छपराला टेकलं असेल म्हणतात. तुम्ही ओळखता का तिला?"

माझा हात त्या फुलाच्या डब्यावर होता.

मी म्हटलं, "नाही."

पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं होतं. पण त्याला निदान भान द्यायला कोंबडा आरवला. माझ्या वेळी माइकवरून फक्त लॉटरीचे नंबर चालले होते.

मी हात काढून घेतला. चार डबे बघता बघता गेले. पाचवा, फुलाचा, त्या कॅलवेने उचलला. माइक अजून गालालाच होता. डोरीनबाईंनी त्याला नीट बजावलं, "बाबा रे, आभार मानू नकोस हं." तो म्हणाला, "माझ्या आईने मला वळण लावलंय, मॅडम. धन्यवाद. मनापासून धन्यवाद. धन्यवाद." साऱ्या मांडवात ते घुमलं. डोरीनबाईंचा चेहरा पडला.

परत येताना गाडीत मी त्या माणसाला जे बोलले, ते उपवासाच्या काळात लिहिता येण्यासारखं नाही. पुलावर आयनेझ म्हणाल्या, "जाऊ द्या ना, मिस ओडील. अजाण आहे बिचारा. जाणूनबुजून असं कोण करेल? झाड देणाऱ्याचे मुद्दाम आभार मानायला माणूस किती आतून नासलेलं असायला हवं."

त्यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुला माहीत आहे की नाही, हेच मी दोन दिवस स्वतःला विचारतेय.

ते कार्ड, लूसी.

आईचं घर विकलं, नव्या मालकाने गाडीच्या रस्त्यासाठी फाटकाजवळचा कॅमेलिया मुळासकट उपटला, आणि मी साऱ्या गावाला सांगत फिरले की लूसीलने घर विकलं. कागदावर सही माझीही होती. तुझ्या सहीखाली, त्याच शाईने. हे मी कुणाला सांगितलं नाही. तूही नाही सांगितलंस.

तू मात्र विक्रीच्या आधीच, एप्रिलच्या अखेरीस, गुपचूप फांदीला गुटी बांधून ठेवली होतीस. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मी नुसती रडत होते. आणि शरदात तू स्वतः ते रोप घेऊन आलीस, मी दार उघडलं नाही, म्हणून पायरीवर ठेवून गेलीस.

मी तीन दिवसांत कार्ड पाठवलं. मलईरंगी जाड कागद, निळी-काळी शाई, सिस्टरांनी शिकवलं तसं. "तू दिलेल्या रोपाबद्दल तुझे आभार. पुन्हा एकदा आभार. मनःपूर्वक आभार." मी स्वतःला सांगत आले की कॉन्व्हेंटची सवय, आभाराचं कार्ड गेल्याशिवाय मला झोप येत नाही. खोटं आहे. मी तीन वेळा लिहिलं, मोजून. टपालपेटीत टाकताना मला आनंद झाला होता.

आणि एवढ्यावर भागलं नाही. मला वाटलं, आभार मानलेत, आता आपोआप मरेल. ते मरेना. हिवाळ्यात दोन कळ्या आल्या. तेव्हा ते रोप डब्यासकट मी मागच्या पश्चिमेच्या पायरीवर ठेवलं आणि पाणी बंद केलं. नळ तिथून चार हातांवर आहे. एप्रिल, मे, जून ते उभं होतं. ऑगस्टमध्ये पानं तांबूस होऊन खडखडायला लागली. मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचे. आईचं ते शेवटचं झाड आहे असं मला वाटत होतं, लूसी, आणि मी बघत राहिले. तुझ्यासाठी तू दुसरी फांदी बांधली होतीस हे मला परवा कळलं.

कॅलवेच्या बुटांची, लाल भुशाची, त्या दगडांची मला आलेली सगळी किळस एकत्र केली तरी त्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईपुढे ती काहीच नाही.

आणि तू अकरा वर्षं लोकांना सांगत आलीस की खरं झाड बहिणीकडे आहे. तुला कार्डाचा अर्थ कळला नाही असं मी मानत नाही. आईच्या मांडीवर आपण दोघींनी ती गोष्ट एकत्रच ऐकली. कळूनही तू म्हणत राहिलीस. नाताळला दोन पत्रंही पाठवलीस, जी मी न उघडता शिवणाच्या डब्यात ठेवली. काल उघडली. एकात पाकळी होती, कॉफीच्या रंगाची झालेली. रेघ अजून दिसते.

तेव्हा आता स्पष्टच. छपराला टेकलेलं झाड नाही. पायरीवर एक गंजलेला डबा आहे, तो मी कधी फेकला नाही. डोरीनबाईंना तू हे सांगितलंस तरी चालेल. मला तोंडावर सांगायला जमलं नाही.

एप्रिल संपताना तुमच्याकडेही साल सुटायला लागेल. एका फांदीला गुटी बांधायची आहे. तू खुर्चीत बस आणि मला दाखव, कारण व्याख्यात्याला शिकवायला उठले खरी, पण मी स्वतः कधी एकही बांधलेली नाही. ते हिरवं खरवडणं मी नेहमी तुलाच करताना पाहिलं. आयनेझ गाडी चालवतील. त्या फार बोलतात, पण आडून नाही बोलत. ऑक्टोबरला पुन्हा येईन आणि कापून नेईन. मधले पाच-सहा महिने कुणीतरी शेवाळ ओलं ठेवायला हवं. ते काम मी तुझ्याकडे मागतेय, हे माझं मला ऐकू येतंय.

नको म्हणालीस तरी मला समजेल. दार उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन. माझी तिथेच जागा आहे.

पण हो म्हणालीस तर एक आत्ताच सांगून ठेवते, नंतर वाईट वाटून घेऊ नकोस. ना कार्ड येईल, ना निळी-काळी शाई. डबा हातात घेईन, गाडीत ठेवेन, आणि तुझ्या अंगणातून तोंडातून एक अक्षर न काढता निघून जाईन.

आभार न मानणारी तुझी थोरली,
ओडील