अर्थिंगची वायर

देवपूर, धुळे
१४ मे २०२४

ती. मंजुळा अक्कास,
नवलचा सा. न. वि. वि.

आखाजीच्या सणाला तुला माहेरी घ्यायला आलो नाही म्हणून रागावली असशील. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या. इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा माझ्याच ताब्यात, त्यामुळे सुटी मिळाली नाही. हेमांगीने खापरावरचे मांडे केले होते. तुझ्या वाटचे शेवटी शेजारी दिले.

प्लास्टर काढल्यावर बोटं नीट वळतात का ते कळव. फोनवर विचारलं की बरं आहे म्हणतेस आणि फोन दाजींच्या हातात देतेस, म्हणून हे पत्र. मी हल्ली गेमची मशिनं बनवणं बंद केलंय. सोल्डरिंगचं सगळं सामान माळ्यावर टाकलं. घरातला धुराचा वास गेला म्हणून हेमांगी खूश आहे.

दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
नवल


फैजपूर
२५ मे २०२४

चि. नवल यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. फोनचं तू लिहिलंस ते खरं आहे. इथे फोन वाजला की सगळं घर कान देऊन बसतं. अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घे.

आखाजीच्या दिवशी कोणत्या कॉलेजात परीक्षा असते रे? खोटं बोलायचं तर जरा जमवून बोलावं. ये किंवा नको येऊ, पण कारणं देऊ नकोस.

मनगट वळतं. अंगठा आणि पहिलं बोट मात्र एकमेकांना भेटत नाहीत. ब्लाऊजची मशीनवरची शिलाई होते, पण काजं आणि हूक गल्लीतल्या मंदाबाईकडे द्यावे लागतात. गिऱ्हाइकं बोलत काही नाहीत, पण ब्लाऊज दोनदा उलटून बघतात.

एक गोष्ट मनात राहिली होती, ती लिहिते. जत्रेतल्या व्हिडिओ गेमच्या तंबूत आम्हा मुलींना सोडत नसत, ते तू इतकी वर्षं लक्षात ठेवलंस आणि माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला माझं स्वतःचं मशीन करून दिलंस. दुपारी सगळे झोपले की मी खेळायचे. त्या बटणांचा आवाज ऐकून सासूबाई कपाळाला हात लावायच्या, पण मला फार बरं वाटायचं. आणि मीच फरशी पुसता पुसता ओल्या हाताने त्याला धरलं, झटक्यासरशी फेकली गेले आणि हात मोडून घेतला. छगन वायरमनने तपासून सांगितलं की मशीनमध्ये काही खोट नाही, चूक बाईची. तेव्हापासून ह्यांनी मला पंख्याचं बटणही दाबू नको म्हटलंय. खरं सांगू का, आता माझी मलाच भीती वाटते. परवा घरात कोणी नव्हतं, तर तीन तास उकाड्यात तशीच बसून राहिले.

तुझ्या मेहनतीचं माझ्यामुळे वाटोळं झालं. मनावर घेऊ नकोस आणि मला माफ कर.

हेमांगीला आशीर्वाद. आठवण काढत जा.

तुझी,
अक्का


देवपूर, धुळे
२ जून २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू माझी माफी मागितलीस ते वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. आता लिहितो ते शेवटपर्यंत वाच.

चूक तुझी नव्हती, माझी होती.

मशीन जोडून झालं तेव्हा स्पीकरमधून सारखी गुणगुण येत होती. दोन दिवस खटपट केली, जाईना. शेवटी अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याच्या पेटीपासून सोडवली आणि आवाज थांबला. ती वायर कशासाठी असते हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. आत कुठे करंट उतरला तर तो पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून न जाता जमिनीत जावा, म्हणून असते. मला कळत होतं. पण तुला देताना आवाज स्वच्छ यावा, तू कौतुक करावं, एवढंच डोक्यात होतं. पुढे आतली दुसरी वायर पत्र्याच्या धारेवर घासली, सोलली गेली, आणि सगळी पेटी करंटची झाली. हात कोरडे असते तरी तुला झटका बसलाच असता.

याहून वाईट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तुम्ही सगळे दवाखान्यात होता. दाजींनी किल्ली शेजारी ठेवली होती. मी पेटी उघडली, सोललेल्या वायरला टेप गुंडाळला, हिरवी वायर पुन्हा स्क्रूने आवळली आणि झाकण लावलं. संध्याकाळी तुम्ही परतल्यावर छगनभाऊंनी तपासलं ते दुरुस्त केलेलं मशीन. ते म्हणाले चूक बाईची, तेव्हा मी दारातच उभा होतो. सासूबाई तुला बोलल्या, दाजी बोलले. मी चहा पिऊन शेवटच्या बसने निघून गेलो.

आखाजीला त्यामुळेच आलो नाही. तुझा हात बघायची हिंमत नव्हती.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

नवल


फैजपूर
३० जून २०२४

चि. नवल यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले आणि कागद फाडले.

वायर सोडली ते मी समजू शकते. हौसेपायी माणूस वेडेपणा करतो. पण माझ्या घरात, माझ्या मागे, तू ती पेटी उघडलीस आणि बंद केलीस. पाच महिने मी स्वतःला मूर्ख समजत आले. सासूबाईंनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की या वयात खेळायला गेली म्हणून हात मोडून बसली, आणि मी मान खाली घालून ऐकलं. ते कसं भरून देणार आहेस?

पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. ते तू स्वतः येऊन, सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडाने सांगायचं.

त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे. असलं मशीन तू आणखी कुणाला करून दिलं आहेस?

तुझी,
अक्का


देवपूर, धुळे
४ जुलै २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी आलं. आणखी एकच मशीन दिलं होतं, पारोळा रोडवरच्या पुनाच्या सलूनमध्ये, थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी. तेही तसंच, हिरवी वायर सोडलेलं. कोणी तक्रार केली नाही, म्हणजे सगळं ठीक असणार, असं मी स्वतःला समजावत होतो. पत्र खिशात घालून तसाच गेलो.

पुना दाढी करत होता. मशीनसमोर रबराची चटई होती. विचारलं तर म्हणाला, पंधरा दिवसांपासून हाताला मुंग्या येतात, म्हणून टाकली. काही व्हत नही भाऊ, चप्पल घालीसन खेळतस बठ्ठा. थांबलेल्या सगळ्यांच्या पायांत खरंच चपला होत्या. मी टेस्टर पेटीला लावला. दिवा लागला, अक्का. पलीकडे तीन हातांवर पाण्याचं बेसिन आहे.

मी मेन स्विच बंद केला, प्लग कापून टाकला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर पुनाला कारण सांगितलं. तो मला वाटेल ते बोलला. मी ऐकून घेतलं. तू विचारलं नसतंस तर मी गेलो नसतो, हेही लिहून ठेवतो.

१४ तारखेला, रविवारी, पहिल्या बसने येतो. दाजींना आणि सासूबाईंना घरी थांबायला सांग. छगनभाऊंनाही बोलाव.

नवल


फैजपूर
१७ जुलै २०२४

चि. नवल यास,
अ. उ. आ.

तू गेल्यावर छगनभाऊ म्हणाले, मलाच फसवलं याने, आणि चहा न घेता उठले. हे अजून तुझ्यावर तापलेले आहेत. त्यांना वेळ दे, फोन करू नकोस. सासूबाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. ओट्यापाशी उभ्या राहून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या की मी तुला गल्लीभर उगाच बोलले. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मंदाबाईकडे जाऊन खरं काय झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

सगळं सांगताना तू माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नाहीस, ते मला दिसलं. पुढच्या वेळी पाहा. वाईट दिसतो, पण माझा आहे.

तुला माफ केलं असं मी आज लिहीत नाही. लिहीन तेव्हा ते खरं असेल.

जेवण न करता गेलास. पुन्हा असं करायचं नाही.

तुझी,
अक्का