भिंगरीची नवी करामत

शुक्रवार, १४ मार्च
दुकानातून, दुपारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद तुझ्याकडे आधीच पुष्कळ साठले असतील, त्यावर हा एक ठेव. आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या आईचा गुडघा आता जिन्याला घाबरत नाही. दुकानाच्या पाटीला नवा रंग दिला. रंगाऱ्याने पाटीवरच्या चष्म्याची डावी काच उजवीपेक्षा जरा मोठी काढली होती, म्हणून त्याला पुन्हा शिडीवर चढवलं. तो म्हणाला, "साहेब, रस्त्यावरून एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतोय."

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बाबा, मी एकदम ठीक" म्हणतेस, मागे मैत्रिणींचा कल्ला सुरू होतो आणि फोन ठेवला जातो. कागदाचं बरं असतं, त्याला मधेच कापता येत नाही. तुमच्या संघाचं सामान सांभाळणारे काका उद्या सकाळी इथून निघतायत, त्यांच्या हाती हे देतो. म्हणजे रविवारच्या अंतिम सामन्याआधी तुला मिळेल.

टीव्हीवरची आमची सामन्यानंतरची चर्चा जोरात आहे. मेकअपवाला अजूनही माझ्या टकलावर पावडर थापतो, नाहीतर दिव्यात चमकतं म्हणे. शेजारच्या खुर्चीतून कप्तान ओरडतो, "अरे बास, खेळपट्टीवरसुद्धा एवढा रोलर फिरवत नाहीत!" तो देशाकडून खेळलेला, आणि माझी बॅट कधी गल्लीबाहेर गेली नाही. तरी त्याने मला कधी कमी लेखलं नाही आणि मी त्याला कधी चुकू दिलं नाही. खेळाचं हे विश्लेषण मला कुणी शिकवलेलं नाही. दिवसा भिंगं घासली, रात्री सामने बघितले, एकच चेंडू पुढे-मागे करून पुन्हा पुन्हा बघितला. प्रेक्षकाला निकाल माहीत असतो, त्याला 'कसं' हवं असतं. मी पडद्यावर दोन रेघा मारतो आणि घरी बसलेला माणूस म्हणतो, "अरेच्चा, हे तर मलाही दिसत होतं!" तिथे माझं काम संपतं.

तुझा विषय निघाला की मात्र रेघा कप्तानने मारायच्या, हा आमचा ठराव तुला माहीत आहे. बापाने लेकीचं कौतुक केलं तर लोक हसतात आणि चूक काढली तर तुझी आई जेवायला वाढत नाही.

बुधवारी उपांत्य सामन्यानंतर तो ठराव मोडला. तू दोघींचे त्रिफळे उडवलेस, दोन्ही सरळ गेलेल्या चेंडूंवर. त्या बिचाऱ्या वळणाची वाट बघत बॅट बाहेर घेऊन गेल्या आणि चेंडू वळलाच नाही. समालोचक नाचायचे बाकी होते. "नवं अस्त्र" काय, "भिंगरीची नवी करामत" काय! आमच्या निवेदिकेकडे प्रेक्षकांच्या निरोपांचा पाऊस पडला, सगळ्यांची एकच मागणी: आज बापालाच विचारा. ती हसत माझ्याकडे वळली. "चष्मेवाले, समजावा ही करामत." पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी उभी राहिली. डावीकडे मागच्या महिन्यातली तू, उजवीकडे बुधवारची.

अगं, ती गोलंदाजी तुला दुकानामागच्या बोळात मीच शिकवली. भिंतीवर खडूने रेघ मारली होती, हात तिच्यावर गेला पाहिजे म्हणून. नंतर तू उंच झालीस आणि रेघही वर सरकत गेली. तुझा हात कानाला घासून जातो की नाही, हे मला चष्म्याशिवायही कळतं.

बुधवारी तो जात नव्हता. खांद्यापाशी येऊन बाजूला पडत होता. हात खाली आला की चेंडूला वळण मिळत नाही, तो सरळ घसरत जातो. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. सीमारेषेवरून तू चेंडू खालूनच भिरकावलास. डावखुरी तू, पण टोपी उजव्या हाताने काढलीस. विकेट पडल्यावर सगळ्यांनी दोन्ही हात वर केले, तू एकच केलास.

ती करामत नाही, भिंगरी. त्या दोन विकेट तुझ्या दुखण्याने घेतल्या.

स्टुडिओत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पडद्यावर रेघ मारायची लेखणी हातात होती. एक रेघ मारली असती की घरोघरी कळलं असतं, रविवारी ज्या तुझ्यासमोर उभ्या राहणार त्यांनाही कळलं असतं. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हणालो, "मला हा चेंडू अजून समजला नाही."

निवेदिकेला वाटलं मी गंमत करतोय. कप्तान मात्र ताबडतोब खोकला आणि खेळपट्टीबद्दल बोलायला लागला, तो जाहिरात येईपर्यंत थांबला नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बघितलंत ना?"

"तुम्हीही?"

"मी एक संपूर्ण मोसम दुखरा खांदा असाच लपवला होता. अजून शर्टाची बाही चढवायला बायको लागते. पोरीला सांगा."

तेव्हापासून लोक मला चिडवतायत. "चष्मेवाल्यांनाच चष्मा लागला" हे तर दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःला सुचल्यासारखं म्हणतं. खरं सांगू? मला एरवी एवढं झोंबलं असतं की मी आठवडाभर पुरावे काढत बसलो असतो. या वेळी मीही त्यांच्याबरोबर हसतो. एवढं चांगलं विश्लेषण मी आजवर केलेलं नाही, आणि ते कुणाला ऐकू आलं नाही.

घरी आलो तर तुझी आई काही न विचारता म्हणाली, "तुमच्या त्या रेघा राहू द्या. गेल्या आठवड्यात व्हिडिओवर बोलली तेव्हाच मी बघितलं. ती वेणी तिने घातलेली नव्हती. ती एवढी सैल घालत नाही. हात मागे जात नाहीये तिचा." जिला पायचीत आणि धावचीत यातला फरक कळत नाही, तिने मला एका आठवड्याने हरवलं!

तुझ्या वतीने कुणाशी बोलणार नाही. प्रशिक्षकांचा नंबर माझ्याकडे आहे, तो लावलेला नाही. खांदा तुझा, सामनाही तुझा. अंतिम सामना रोज येत नाही, हे मला तू सांगू नकोस, मी तुझ्या आधीपासून त्याची वाट बघतोय. तरी सांगतो, हे पत्र संपल्यावर उठ आणि फिजिओचं दार वाजव. ती खेळ म्हणाली तर खेळ. बस म्हणाली तर राखीव खेळाडूंच्या बाकावर बस आणि तुझ्या जागी येणाऱ्या मुलीला सांग की समोरच्या संघाची तिसऱ्या क्रमांकाची बॅटर पुढे यायला कचरते. हे मी रविवारी चर्चेत सांगणार होतो. आता सामना संपेपर्यंत नाही सांगत.

पत्राला उत्तर नको. ज्या दिवशी स्वतःची वेणी स्वतः घालशील, त्या दिवशी व्हिडिओ लाव आणि पाठ करून उभी राहा. घट्ट आहे की सैल, ते आई बघेल.

तुझा,
चारचौघांत काहीही न दिसलेला,
बाबा