पाय खाली टेकू नकोस

फ्लॉरेन्स, ऑरेगन
१४ ऑगस्ट

प्रिय डेल,

मजेत असशीलच. नेब्रास्कात मका डोक्याएवढा वाढला असेल. इकडे नेहमीचंच. सकाळी धुकं, दुपारी वारा, आणि झाडून घेतलेल्या ओसरीवर पुन्हा वाळू. यंदा ब्लॅकबेरी मात्र उदंड आली. मुरंब्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात. एवढा कोण खाणार, ते विचारू नकोस.

हो, तू ऐकलंस ते खरं आहे. कॉरिनने शेड उघडली. बाबांनी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, वाळूत पळवायची तुझी ती लाल तीनचाकी बाहेर काढली, कार्बोरेटर साफ केला, दोरी ओढली, आणि ते धूड खोकत खोकत चालू झालं! मी भांडी घासत होते. आवाज ऐकून हातातली बशीच सुटली. पोरगी एकोणीस वर्षांची, पण हट्ट थेट मामाचा. सप्टेंबरच्या सुट्टीत जुन्या तीनचाक्यांचा मेळा भरतो, त्यात तिला वाळूची मोठी टेकडी चढायची आहे.

रागावू नकोस, पण चालवते झकास. काठीवरचं नारिंगी निशाण फडफडत माथ्यावर जातं, क्षणभर चाकं वाळू सोडतात, आणि पलीकडे नुसता समुद्र. "सावकाश!" म्हणून ओरडतेही मीच आणि टाळ्याही मीच वाजवते.

खोड एकच. ती मोटारसायकलवर वाढलेली, वळण आलं की पाय खाली टेकते. तीनचाकीवर टेकलेला पाय मागच्या चाकाला आयताच सापडतो. तुला काय सांगायचं? तुझा गुडघा त्यानेच गेला. ओरडून ओरडून माझा घसा बसला, "पाय वर! अंग आत झुकव, जोर बाहेरच्या पायावर दे!"

ती म्हणते, "आई, तू ओसरीवरून गाडी चालवू नकोस गं!"

आता खरं लिहिते. परवा तिचा डावा बूट मला कचऱ्याच्या डब्यात सापडला. टाच उखडलेली, कातड्यावर चाकाचे वळ.

"हे काय गं?"

"कुठे काय? जुना झाला होता."

मी मोजा काढायला लावून पाय पाहिला. शाबूत आहे. मग आम्ही दोघी रडलो. ती म्हणाली, "मामाने सांगितलं तर ऐकेन." बंदी घालून काही होत नाही रे. बाबांनी तुला घातली होती, आठवतंय ना?

तुझा न वाकणारा गुडघा तिने कधी नीट पाहिलाच नाही. पाहणार कशी? तू गेलास तो गेलासच. बाबांच्या अंत्यविधीलाही चर्चच्या दारातून परत फिरलास. तू या वाळूवर रुसलास, माझ्यावर नाही, हे मला कळतं. पण डेल, माझं घर वाळूतच आहे. मला तुझी फार आठवण येते.

गेल्या महिन्यात ओसरीच्या पायऱ्या काढून उतार करून घेतला. सुतार म्हणाला, "काय, तीनचाकी वर चढवणार?" मी हो म्हटलं. कॉरिन हसली. "आई, ती तर शेडमध्ये राहते."

मेळ्याआधी ये. पोरीचे दोन्ही पाय धड आहेत तोवर ये.

उताराचा कठडा चढताना उजव्या हाताला येईल असा लावून घेतलाय. तुझा गुडघा डावा आहे, भार उजवीकडे घ्यावा लागतो, हे मी विसरलेले नाही.

तुझीच,
लोरीन