चार नंबरचं चुंबक

सोमवार, ३ मार्च

पोचलो! पुस्तकं, कपडे, मीटरची पेटी, सगळं शाबूत. ताईने दारातच पाठीत धपाटा घातला आणि वाळलास म्हणून बोलणी ऐकवली. भावोजींनी पेटी खांद्यावर घेतली. रस्त्याकडेची मोठी खोली मला दिली आहे. खिडकीतून समोर साबणाच्या कारखान्याची चिमणी दिसते. टाक्या साफ करणाऱ्या माणसांचे भावोजी मुकादम आहेत. त्यांनी शब्द टाकला म्हणून मला तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरची जागा मिळाली. आता त्यांची अब्रू माझ्या हातात आहे, असं तेच हसत हसत म्हणाले. मला ते ‘मेव्हणेबुवा’ म्हणतात आणि उगाच अहोजाहो करतात.

एकच तक्रार, वास. चरबी वितळवतात त्याचा वास वळणावरच नाकात शिरतो. ताई म्हणते, आठ दिवसांत नाक मरतं. न्हाणीघरात कारखान्याच्या साबणाची चळत लावलेली आहे, कामगारांना फुकट मिळतो. अंघोळीला फेस भरपूर आला, पण अंग पुसल्यावरही एक ओशट थर कातडीवर राहिला. दोनदा पुसलं तरी जाईना. मी थोडा नखरेल आहे, हे लहानपणापासून ऐकत आलोय.

ही छोटी वही खिशातच ठेवणार. मीटरचे आकडे आणि मनातलं, दोन्ही हिच्यातच.

बुधवार, ५ मार्च

काम माझ्या आवडीचं आहे. चार टाक्या, प्रत्येकीत माणसाच्या उंचीची ढवळणी आणि ती फिरवायला वर एकेक मोटर. मोटरी गरजेपेक्षा फार दांडग्या. मोटर वीज घेते ती दोन गोष्टींसाठी: एक फिरायला, दुसरी आपल्या पोटातलं चुंबक उभं ठेवायला. या चुंबकालाच आम्ही फ्लक्स म्हणतो. ओझं हलकं असलं की फिरण्याची वीज कमी लागते, चुंबकाची मात्र तेवढीच. ती काही काम करत नाही, तारांमधून नुसत्या येरझाऱ्या घालते. म्हणून पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला कामाचा वाटा, घसरतो आणि वीज कंपनी नोटिसा पाठवते. उपाय सोपा आहे. प्रत्येक मोटरला नवा ड्राइव्ह, म्हणजे वीज आवरणारा एक डबा, बसवायचा. तो ओझं बघून चुंबक कमीजास्त करेल.

हे सगळं मी जेवताना भावोजींना पंधरा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तुमचा डबा नक्की करतो काय? फ्लक्स हा शब्द त्यांना शेवटपर्यंत बोलता आला नाही. फलस, फ्लास्क, काय वाटेल ते म्हणत होते. ताईला हसून हसून ठसका लागला.

जुन्या वायरमनला सगळे फ्यूजतात्या म्हणतात. परवा निवृत्त होणार. बोटांना एकही नख नाही, टोकं नुसती गुळगुळीत गुलाबी. कॉस्टिक सोड्याने गेली असतील. त्यांनी हात पुढे केला तेव्हा तो हातात घेताना मला कसंसंच झालं. सगळं दाखवून झाल्यावर म्हणाले, तीन टाक्यांचं तुला हवं ते कर, चारचं चुंबक कमी करू नकोस. कारण विचारलं तर म्हणे, ती अधूनमधून ताकद आजमावते. मी हसू दाबलं.

शनिवार, ८ मार्च

एक, दोन, तीन झाल्या. आकडे बघून साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, खूश आहेत.

आज भावोजी एक नंबरच्या टाकीत साफसफाईला उतरले. इथली शिस्त मला आवडली. आत उतरणारा माणूस आधी मोटरचा स्विच पाडतो, त्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून उतरतो. तो वर आल्याशिवाय किल्ली वर येत नाही. साहेबांनी सांगितलं तरीही नाही.

चार नंबर पाहिली. ही मळीची टाकी. बाकीच्या तिन्हींत साबण होऊन जे उरतं, फेस, केस, हाडांचा चुरा, ते हिच्यात सोडतात. घट्ट होऊ नये म्हणून ढवळणी सतत चालू असते. झाकण उचलून वाकलो. वर राखाडी साय होती. ढवळणी फिरत असूनही ती फाटत नव्हती, नुसत्या सुरकुत्या पडत होत्या. पॉवर फॅक्टर शून्य पूर्णांक अठ्ठावीस. एवढ्या दांडग्या मोटरला काम जवळजवळ काहीच नाही. लाज वाटावी असा आकडा.

सोमवारी हिलाही ड्राइव्ह बसवतो. फ्यूजतात्या निवृत्त झालेच आहेत.

मंगळवार, ११ मार्च

शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर! करंट निम्म्यावर आला. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, भावोजींची मान ताठ झाली. माझ्या अहवालात मी लिहिलं: चार नंबरवर ओझं नगण्य.

एक किरकोळ गोष्ट. ड्राइव्हच्या नोंदींत ओझ्याचा बारीकसा ठोका दिसतो. दर अकरा सेकंदांनी, बरोबर. ढवळणीचा फेरा चार सेकंदांचा, म्हणजे तिचा नाही. पातं कुठे वाकलं असेल.

घरी साबणाची नवी वडी काढली. तिच्यावर बारीक पुटकुळ्या होत्या, थंडीने अंगावर काटा येतो तशा. मी नुसत्या पाण्याने अंघोळ केली.

गुरुवार, १३ मार्च

आज सकाळी नऊ वाजता चार नंबरच्या मोटरने वीज घेतली नाही, उलट दिली. साडेतीन सेकंद. मोटर ढवळणीला फिरवते त्याऐवजी ढवळणी मोटरला फिरवत होती. तारा उलट लागल्या असतील म्हणून सगळ्या तपासल्या. बरोबर आहेत.

मग झाकण उचललं. तापवणारा पाइप आठवडाभर बंद आहे, तरी साय कोमट होती. हो, मी बोट लावलं, का लावलं माहीत नाही. सायीला छिद्रं आहेत, आपल्या कातडीला असतात तशी. काठाशी नखं होती. पडलेली नव्हेत, बुडाशी गुलाबी असलेली, उगवलेली. मी मोजली. दहा.

बोट घासून घासून सोललं तरी ओशटपणा जात नाही. जेवणावर वासना नाही, ताई चिडली आहे.

शुक्रवार, १४ मार्च

फ्यूजतात्यांच्या घरी गेलो. घरात साबणाची एक वडी नाही, मिठाने हात धुतात. वीस वर्षांपूर्वी त्यांनीही एक आठवडा चारचं चुंबक निम्मं केलं होतं. नंतर ढवळणीत अडकलेली चिंधी काढायला आत हात घातला. हात मोडला नाही की कापला नाही. फक्त नखं तिने ठेवून घेतली. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली— म्हणजे तात्या म्हणाले. मी काय लिहितोय? तात्या म्हणाले, ढवळणी फिरत राहिली तर तिला एकत्र येता येत नाही. चुंबक पूर्ण ठेव, बस.

परत येऊन नोंदी नीट लावल्या. आता कळलं. ती मुद्दाम पडून राहते. ओझं हलकं दिसलं की माझा ड्राइव्ह चुंबक उतरवतो. उतरलेलं चुंबक परत उभं राहायला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढा वेळ मोटरच्या अंगात जोर नसतो. नेमकी त्या पाऊण सेकंदात ती रेटते. दर वेळी थोडं जास्त. माझी पद्धत ती शिकली आहे. मीच शिकवली.

शनिवार, १५ मार्च

चुंबक पूर्ण केलं. उशीर झाला. मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. पात्यांना तिने धरून ठेवलंय.

साहेब म्हणतात मळी घट्ट झाली, पातळ उपसून काढा, पाती खरवडा, सोमवारी. खरवडणार भावोजी. मी नको नको म्हणालो, कारणही सांगितलं. साहेबांनी माझाच अहवाल माझ्यासमोर धरला. ओझं नगण्य.

रविवार, १६ मार्च

भावोजींना सगळं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, मी नाही उतरलो तर माझ्या माणसांपैकी कुणीतरी उतरेल, ते बरं का? ताई म्हणाली, स्विचपाशी तू आहेस ना, मग मला कसली काळजी.

भावोजी अंघोळीला गेले. तोच साबण. आतून गाणं गुणगुणत होते.

सोमवार, १७ मार्च

सकाळी ९.४०. उपसा झाला. तळाशी गोळा आहे, पात्यांना वेढून बसलेला. स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली भावोजींच्या खिशात. शिडीवर पाय ठेवताना त्यांनी मला डोळा मारला. बादलीचा दोर माझ्या हाताशी, मी स्विचपाशी. ड्राइव्हवर चुंबक पूर्ण लावून ठेवलंय, स्विच चालू झाला की लगेच पूर्ण जोर.

९.५५. दोन बादल्या वर आल्या. केस, चरबी. वास वेगळा आहे आज. अंगाचा वास, माणसाच्या.

१०.०५. भावोजी ओरडले, पाती मोकळी झाली. बरं वाटलं.

१०.०९. हाक मारली. ओ नाही.

१०.१०. मोटरच्या तारांना मीटर लावला. वीज बंद, कुलूप जागेवर, तरी सहा व्होल्ट. मोटरमधल्या उरल्यासुरल्या चुंबकाने होतात एवढे— कुणी तिला फिरवली तरच. कुणी आतून—

नऊ व्होल्ट. चौदा.

दोर हलला. बादली ओढली. बादलीत किल्ली.

किल्ली. माणूस नाही, किल्ली. स्वच्छ पुसलेली, आणि त्यांच्या रुमालात गुंडाळलेली. त्यांनीच पाठवली. चालू कर, हेच सांगतायत. चालू केलं की पाती— आणि ते तिथेच—

साहेबांकडे माणूस धाडलाय. येत नाही कुणी. लिहीत राहिलो तरच डोकं ठिकाणावर राहतं.

कुलूप काढलं. स्विचवर हात आहे.

भावोजींचा आवाज आला! स्वच्छ, घरात बोलतात तसा. मेव्हणेबुवा, थांबा. मी रडलोच. शिडीकडे धावलो, दोन पायऱ्या—

पुन्हा आला. तोच, तसाच. मेव्हणेबुवा, ओझं काही नाही. फ्लक्स उतरवा.

फ्लक्स. स्पष्ट. एक अक्षर चुकलं नाही.

घड्याळ लावलं. दर अकरा सेकंदांनी. फ्लक्स उतरवा. फ्लक्स उतरवा.

परत स्विचपाशी. हे भावोजी नाहीत. म्हणजे आता दाबायला हरकत नाही. दाबतो. ताई, मी—

थांबलो. त्या दोन हाकांच्या मध्ये, खालून, अगदी बारीक, धाप लागलेला दुसरा आवाज— अडखळत— फलस पूर्ण ठेवा— आणि तुमच्या ताईला—