निळीच्या पेंढ्या मी आवळल्या त्याबद्दल

मी, हरेश्वर जानू नाखवा, जात कोळी, धंदा मासेमारी, वय सुमारे सत्तावन्न, राहणार शिवडी कोळीवाडा, मुंबई, राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. छातीत कळ येते, पण डोके ठिकाणावर आहे. निदान आज सकाळी लिहवून घ्यायला बसलो तेव्हा होते. मला अक्षर येत नाही. मी सांगतो तसे गिरगावचे रमाकांत कारकून लिहून घेत आहेत, आणि एकही शब्द गाळायचा नाही असे त्यांना बजावले आहे.

कलम १. राहते घर, ओटा व मासे सुकवायची जागा माझी बायको तुळसा हिची. आमचा एकुलता मुलगा जगन याने ती हयात असेतो तिला तेथून उठवू नये.

कलम २. डोल जाळी दोन. चांगले जगनला. फाटके माझा चुलतभाऊ तुळशीदास यास, कारण ते त्यानेच मागून नेऊन फाडले आणि वर "आधीपासून असंच होतं" म्हणाला. आता खुशाल शिवत बसावे.

कलम ३. येथे पहिल्यांदा असे लिहिले होते: "बंगालातून आणलेली लोखंडी साखळी मानाची वस्तू म्हणून जगनने भिंतीवर ठेवावी." ते खोडले आहे. का खोडले तेही लिहा म्हणालो. 

विशीत मी जहाजावर खलाशी होतो. कलकत्त्यास तापाने पडलो, जहाज निघून गेले. बरा झाल्यावर नदीकाठी एका गोऱ्या साहेबाच्या नीळ काढायच्या कोठीवर होडीवाला म्हणून राहिलो. साहेबाची माणसे गावोगाव भाताच्या उत्तम जमिनीत खुंट्या ठोकीत आणि सांगत, इथे नीळच पेरायची. नाही म्हणणाऱ्याला कोठीत कोंडीत. मी म्हणे, सरकारचा हुकूम असेल, आपल्याला काय! कापणी झाली की कापलेली झाडे घाटावर येत. ढिगाभोवती ही साखळी टाकून ओढायची. दोन टोके जुळली की झाली एक पेंढी, ती होडीत चढवायची.

मी दर्यावर दोर ओढलेला गडी. सैल बांधलेला माल होडीत पसरतो, होडी कलते, हे लहानपणापासून अंगात भिनलेले. गुडघा रोवून ओढायचो. दुसऱ्याच्या हातून ज्या ढिगाच्या दोन पेंढ्या होत, त्याची माझ्या हातून एकच होई. साहेब इतका खूश, की हंगामाच्या शेवटी ऐंशी रुपये बक्षीस दिले. पुढे इथे माझी होडी त्यातूनच झाली.

पुढच्या वर्षी गावेच्या गावे उठली. जीव गेला तरी नीळ पेरणार नाही, म्हणाली. बायकासुद्धा मुसळे आणि पितळी थाळ्या घेऊन घाटावर आल्या. एकीने थाळी माझ्या कपाळावर हाणली. तिच्या निळीची एक काडी मी कधी पाण्यात सांडू दिली नव्हती! कोठीची होडी लोटून पळालो, साखळी होडीतच राहिली. चौतीस वर्षे ही गोष्ट मी लग्नाबारशांत सांगितली आणि त्या बाईला उपकार न जाणणारी म्हणून शिव्या घातल्या.

आज तीच सांगत होतो, तेव्हा रमाकांतांनी लेखणी थांबवली.

"नाखवा, शेतकऱ्याला पैसे कशावर मिळत?"

"पेंढ्यांवर. रुपयाला इतक्या पेंढ्या."

"आणि पेंढी केवढी, हे कशावरून ठरे?"

"साखळीवरून."

"साखळी कोण ओढी?"

"मी," म्हणालो.

अरे देवा! मला कोणी फसवले नव्हते. सगळे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते. मला वाटे मी माल बांधतो आहे, आणि मी त्या लोकांच्या तोंडचा घास आवळून घेत होतो, तोही हसतमुखाने.

तुळसा ओट्यावर जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मना लग्नाच्या सालीच समजलं व्हतं. पाटी भरून मासली इकते मी, माप मना कलत नाय? तुमी इतक्या खुशीत सांगायचे. बोलू कशी?"

मी रमाकांतांना म्हणालो, वरचे कलम खोडा. 

साखळी जगनने दर्यात टाकायची नाही. ती टाकली तर मला बरे वाटेल, म्हणून टाकायची नाही.

कलम ४. होडी. आम्हा कोळ्यांत मिळकतीचे वाटे पडतात: माणसांचे, जाळ्याचा, आणि एक खुद्द होडीचा. होडी जगनने चालवावी. माणसाचा आणि जाळ्याचा वाटा त्याचा. होडीचा वाटा त्या थाळी मारणाऱ्या बाईचा, ती नसेल तर तिच्या मुलाबाळांचा.

जगन समोरच होता. म्हणाला, "बाबा, घरात तीन पोरं हायेत." मी रमाकांतांना म्हणालो, लिहा.  मग जगन म्हणाला, "बरं, वाटा काढून ठेवीन. पन देऊ कोनाला?"

रमाकांतही तेच विचारतात. नाव-गावाशिवाय हे कलम कायद्यात टिकणार नाही, म्हणतात. अख्खा हंगाम मी तिच्या पेंढ्या आवळल्या. ती हात जोडून काहीतरी बोलत उभी असे. मी एकदाही नाव विचारले नाही. टिकणार नसेल तर न टिको, पण माझ्या निशाणीच्या वर लिहा म्हणालो. जागा सोडली आहे.

नाव .................... गाव ....................

निशाणी वल्ह्याची, हरेश्वर जानू नाखवा, हातची खूण.

साक्षीदार: कुशाबा धर्मा भोईर, शिवडी. लवू सखाराम परब, लालबाग.
दस्तुर: रमाकांत कारकून, गिरगाव.
मुक्काम शिवडी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८१६, डिसेंबर सन १८९४.