मोनिका नावाची भागीदार

केदारखेडा, ता. भोकरदन
४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय गिरिजाआक्कास,

धाकट्या देवानंदचा सप्रेम जयभीम, वि. वि. इकडं आम्ही खुशाल. शालूच्या पायाचं प्लास्टर अजून निघालं न्हाई, पण खाटेवर पडल्या पडल्या तिचे हुकूम बराबर चालू हायेत. कापसाची वेचणी अर्धी उरकली.

आक्का, दिवाळी झाल्यापासून तुझा फोन बंद लागून राह्यला. आधी वाटलं, बिघडला असंल. मंग प्रियाला म्हटलं, तुझं नवीन जालन्यातलं ऑफिस सुटलं की जरा मस्तगडला जाऊन आत्याला बघून ये. ती येऊन गेली. तिचं म्हणणं, आत्यानं दार अर्धंच उघडलं आणि चहा सुद्धा विचारला न्हाई. माझ्या फोनवरून बाबाशी बोल म्हटलं तर म्हणे तू मागं सरकलीस. तुझ्या दारातून माणूस चहाबिगर परत गेलं, हे मी आजवर ऐकलं न्हाई. तुझ्या चहात साखरेचा खर्चा फार, म्हणून दाजी तुला चिडवायचे, ते काय उगंच?

दाजी गेल्यापासून तू एकटी. मला काळजी लागली हाये. शालूला सोडून निघता येत न्हाई, न्हाईतर दारात येऊन बसलो असतो. फोन नको तर नको, पत्र लिही. अक्षर तूच शिकवलं, तवा चुका खुशाल काढ, पण उत्तर पाठव.

मायेत खंड पडू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
देवानंद

मस्तगड, जालना
८ नोव्हेंबर २०२५

चि. देवानंद यास,

जयभीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. शालूला म्हणावं, पायावर घाईनं भार देऊ नकोस.

मी आजारी नाही. दिवाळीनंतर एका सकाळी फोन आला. इन्कम टॅक्स ऑफिसातून बोलतोय असं तो माणूस म्हणाला. त्याला ह्यांचं पूर्ण नाव ठाऊक होतं, पॅन नंबर ठाऊक होता, कोणत्या खात्यातून निवृत्त झाले तेही. ह्यांच्या नावावर नागपुरात एक फर्म निघालीय, कर बुडवलाय, आता वारस म्हणून तुम्हाला अटक होईल असं त्यानं सांगितलं. मग व्हिडिओवर एक साहेब आला. टाय लावलेला, मागे भिंतीवर सरकारी चिन्ह. फोन कापायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर त्यालाही आत घेऊ, असं तो म्हणाला. मी फोन पर्समध्ये चालू ठेवूनच बँकेत गेले. तपासणी होईपर्यंत सरकारी खात्यात ठेवायचे म्हणून एफडी मोडून सगळे पैसे पाठवले.

बँकेतल्या मुलीनं विचारलं, एवढी रक्कम कशाला. साहेबानं आधीच पढवलं होतं. मी म्हणाले, भाचीचं लग्न आहे. तिनं माझं अभिनंदन केलं. तारीख विचारली. मी तारीखही सांगितली.

त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. तेव्हा कळलं. मी फोन बंद करून कपाटात ठेवला.

रडू वगैरे आलेलं नाही. सकाळी उठते, झाडते, बसते. तू येऊ नकोस. प्रियालाही सांगू नकोस.

सर्वांना माझ्या मंगल कामना.

गिरिजा

केदारखेडा
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आक्कास,

सप्रेम जयभीम, वि. वि. तुझी आज्ञा मी मोडली. प्रियाला सांगितलं. त्या माणसानं कुणाला सांगू नको म्हटलं, आणि आता तूही तेच म्हणून राह्यली, हे मला बिलकुल पटलं न्हाई.

पत्र पोचलं की त्याच संध्याकाळी प्रिया येईल. तिच्यासंगं १९३० नंबरवर तक्रार करायची, ती सायबर पोलिसांचीच लाइन हाये. मंग बँकेत आणि ठाण्यात. पैसे गेल्याचं लगेच कळवलं असतं तर अडवायला सोपं गेलं असतं म्हणे, पण उशीर झाला म्हणून बसून राहायचं न्हाई. फोनमधले मेसेज पुसू नको. प्रिया सांगत होती की इन्कम टॅक्सवाले फोनवर अटकेची धमकी देऊन पैसे मागत न्हाईत. नोटीस खरी असली तर तिच्यावर नंबर असतो, तो खात्याच्या साइटवर तपासता येतो. व्हिडिओवर कुणाला अटक करायचा कायदाच न्हाई. मलाही हे ठाऊक नव्हतं. मला फोन आला असता तर मी बैलजोडी सुद्धा पाठवली असती.

बाकी, प्रियाचं लग्न ठरलं, हे तिच्या बापाला तेवढं सांगायचं राह्यलं काय? नवरदेव काय करतो तेही कळव.

एक विचारतो. तू पस्तीस वर्षं वर्ग सांभाळला. कुणाच्या दमदाटीला भ्यायची बाई तू न्हाईस. एवढी कशी घाबरलीस?

राग मानू नकोस, जीव लावत राहा.

देवानंद

मस्तगड, जालना
२२ नोव्हेंबर २०२५

चि. देवानंद यास,

जयभीम. प्रिया आली, तिनं सुट्टी घेतली, मला सगळीकडे नेलं. तक्रार झाली. थोडी रक्कम एका खात्यात अडकवून ठेवली आहे, ती मिळेल म्हणतात. उरलेली गेली. प्रियानं इन्कम टॅक्सच्या साइटवर ह्यांच्या नावानं शोधलं. काही थकबाकी नाही, नोटीस नाही, फर्म नाही.

पोलिसांसाठी फोन चालू करावा लागला. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला की गेलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा, आणि हे गुप्त ठेवा. गुप्त म्हटल्याबरोबर मी फोन ठेवला आणि नंबर ठाण्यात दिला. काहीच झालं नाही मला.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. मी अटकेला घाबरले नव्हते. साहेब म्हणाला की त्या फर्ममध्ये कल्याणरावांची, म्हणजे ह्यांची, एक भागीदार आहे. बाई. मोनिका नाव. घराचा पत्ता दोघांचा एकच आहे, आणि हे प्रकरण पेपरात येईल. मी त्याला कागद मागितला नाही, नोटीस मागितली नाही. मी विचारलं, बाईचं वय काय. तो जरा थांबला आणि बेचाळीस म्हणाला.

देवानंद, मी ते खरं धरलं. हे महिन्यातून एकदा नागपूरला चळवळीच्या मीटिंगला जायचे, ते मी मनातल्या मनात जुळवलं. एका सकाळीत जुळवलं सगळं. पैसे भरले ते ह्यांचं नाव झाकायला. नंतर फसवणूक आहे हे कळलं, तरी ती बाई काही गेली नाही. स्वयंपाक करताना वाटायचं, ती भाजी कशी करत असेल. तिचे केस लांब आहेत असंही मी ठरवून टाकलं होतं.

ठाण्यात लिहून घेणारी पोलीस बाई तरुण होती. हे सांगताना मी प्रियाला बाहेर पाठवलं. नाव ऐकून ती लिहायची थांबली. म्हणाली की परतूरच्या एका माणसालाही त्याच्या वारलेल्या भावाची भागीदार म्हणून हीच मोनिका सांगितलीय. आजी, अशी कुणी बाई नाही, ते सगळ्यांना हीच गोष्ट सांगतात.

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. बाई नाही, पण मी तिच्यावर विश्वास ठेवला होता, ते तर आहे. ह्यांच्या फोटोला रोज हार घालते. घालते आणि बाजूला होते.

हे शालूला सांगू नकोस.

गिरिजा

केदारखेडा
२५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आक्कास,

सप्रेम जयभीम, वि. वि. पत्र वाचून मी बांधावर जाऊन बसल्तो. मंग शालूला दाखवलं, मला माफ कर. ती म्हणाली की असा फोन आला असता तर तिनंही पहिलं वयच विचारलं असतं. आणि माझ्याकडं असं बघितलं की मी कधीच नागपूरला जाणार न्हाई.

आक्का, दाजींनी मीटिंगला जाताना कितींदा मला संगं नेलं होतं. रात्री कार्यकर्त्याच्या घरी सतरंजीवर झोपायचो आम्ही. ते घोरायचे. दुसरं काही नव्हतं तिथं. तू त्यांच्यावर शंका घेतली न्हाईस. तुझ्या डोक्यात ती कुणीतरी बाहेरून घातली, आणि तुला एकटं ठेवून घातली.

प्रिया म्हणते, आत्यानं हे विहारात सगळ्यांपुढं सांगावं. मला ते पटत न्हाई. पैशाचं सांग हवं तर. दाजींचं आणि त्या बाईचं कशाला? लोकांना चघळायला होईल. मर्जी तुझी.

भावाला विसरू नकोस.

देवानंद

मस्तगड, जालना
३ डिसेंबर २०२५

चि. देवानंद यास,

जयभीम आणि आशीर्वाद. शालू काठीशिवाय चार पावलं चालली, हे प्रियाकडून कळलं. छान झालं.

मी सांगितलं. रविवारी वंदना झाल्यावर उभी राहिले आणि सगळंच सांगितलं, मोनिकाचंही. बाहेर आल्यावर विहारातल्या रामरावांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, की बाई, तेवढा भाग गाळला असता तर बरं झालं असतं. तूही तेच लिहिलं होतंस. घरी आले तेव्हा मला वाटलं, तुम्हा दोघांचं बरोबर असेल. परवा सकाळी नळावर बायका माझ्याकडे बघून आपसांत कुजबुजल्या.

परवा दुपारी आसराबाई आली. आमच्या गल्लीत दूध घालते ती. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता दोन म्हशी आहेत. एरवी ती उंबरा ओलांडत नाही, दूध मापून जाते. त्या दिवशी आत आली आणि उभीच राहिली. मुठीत रुमाल होता. तिनं एवढंच विचारलं, की मास्तरीणबाई, त्या माणसानं तुम्हालाही घरात सांगू नका म्हटलं होतं का? मी हो म्हणाले. तशी ती खाली बसली.

तिचा सुग्रीव पुण्याला टेम्पो चालवतो. त्याच्या पॅनवर कुणी धंदा केलाय, टॅक्स भरला नाही तर पोरगा आजच आत जाईल, आणि पोराला फोन केला तर त्याचं लोकेशन कळून तिथंच उचलू, असं तिला सकाळपासून सांगत होते. रुमालात तिच्या कानातली फुलं होती. सराफाकडे निघाली होती. नळावर माझ्याबद्दल ऐकलेलं वाटेत आठवलं, म्हणून वळली. म्हणाली की पैशाचं ऐकलं असतं तर वाटलं असतं, बाईला लोभ सुटला असेल. पण नवऱ्याची गोष्ट लपवायला भरले म्हटल्यावर मला माझंच ऐकल्यासारखं झालं.

ती बसलेली असतानाच तिचा फोन वाजला. मी घेतला. नोटिशीचा नंबर विचारला, आम्ही तपासून घेतो म्हणाले. तो हिंदीत ओरडायला लागला, तुलाही अटक होईल म्हणाला. मी म्हटलं, या, मी घरीच आहे. त्यानं फोन ठेवला. तो नंबरही आम्ही १९३० वर कळवला.

मग सुग्रीवला फोन लावला. तो कुठल्याशा धाब्यावर जेवत होता. आई, काय झालं, म्हणून तो विचारत राहिला. आसराबाई नुसती पदर तोंडाशी धरून त्याचं जेवण ऐकत होती.

तिला दारापर्यंत सोडलं. तिनं फुलं तिथंच उभ्या उभ्या कानात घातली. एका फुलाचं मळसूत्र बसेना, ते मी बसवून दिलं. ती गेल्यावर मी ह्यांच्या फोटोसमोर बसले आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. आणि मग मला हसू आलं, की विचारणार कुणाला. हसता हसता बराच वेळ रडत होते.

पोळी उरलेली होती. ती दुधात कुस्करून खाल्ली. भूक लागली होती.

तुम्हा सर्वांचं मंगल होवो. ख्याली-खुशाली कळवत जा.

तुझी,
गिरिजाआक्का