गिऱ्हाईक डाव्या हाताने खेळतं

१२ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

रेडिओची घुंडी फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे एक शीळ यायची, आठवते तुला? वर वर चढत जायची आणि एकदम खाली घसरायची. नऊ वर्षांची असताना तू दुकानातल्या उंच स्टुलावर बसून ती हुबेहूब काढायचीस. रेडिओ न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच वैतागायचं, "अहो, अजून दुरुस्त झाला नाही वाटतं!" आज सकाळी दाढी करताना ती शीळ कुठूनशी कानात आली आणि वाटलं, पत्र लिहावं.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, ते पोस्टमनसाठी. आत हे जुनंच नाव आलं. अकरा वर्षांनी ते वापरायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. नसेल तर खोडून वाच.

इकडे सर्व ठीक आहे. थंडी बरी आहे. माझे गुडघे बसताना एक बोलतात आणि उठताना दुसरंच. शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत, फक्त हल्ली कडव्यांचा क्रम चुकतो. आई बरी आहे.

आता कामाचं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलंय. दुकान नसताना गिऱ्हाईक कसलं, असं म्हणशील. पण आलंय खरं, आणि त्याला नाही म्हणणं मला जमणार नाही. त्याला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय. तयार नको, एकेक भाग निवडून जुळवलेला. तू तिकडे हेच काम करतेस, म्हणून तुला विचारतो.

मी महिनाभर माहितीपत्रकं वाचतोय. कळलं ते एवढंच, की प्रोसेसर विचार करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर हे सगळे भांडत नांदतात तो. आणि जो तो तापतो. आमच्या वेळी सेट तापला की दुकानातलं मांजर त्याला टेकून झोपायचं. इथे तापणं म्हणजे गुन्हा, दर भागाला वेगळा पंखा.

कुठला भाग घ्यावा आणि का, हे लिहून पाठव. कागदावरच पाठव. आईच्या फोनवर नको, त्यातली अक्षरं माझ्या डोळ्यांना सोसत नाहीत.

आणखी एक लिहायचं होतं. आज राहू दे.

तुझे,
बाबा


२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

यादी पोचली. वर मायना नाही, खाली सही नाही. पण प्रत्येक भागापुढे तो का घ्यायचा ते लिहिलंयस, आणि अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे धावत सुटलेलं. मी ती यादी चारदा वाचली. त्यातल्या दोन वेळा कामासाठी.

कॉम्प्युटरच्या दुकानातली मुलगी यादी बघून म्हणाली, "आजोबा, पॉवर सप्लाय पहिल्या ओळीत? लोक आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात, पॉवर सप्लाय उरल्यासुरल्यात."

म्हटलं, "यादी करणारी ज्या माणसाकडे शिकली तो आधी पॉवर बघायचा."

"आणि हे सगळं कुणासाठी?"

"एका वैमानिकासाठी."

"मग लाइटवाला कॅबिनेट घ्या, पायलट खूश होईल!"

तू साधा पत्र्याचा लिहिला होतास. पण मी काचेचा घेतला, आत निळे दिवे लागतात तो. एवढा एकच बदल केलाय, रागावू नकोस.

यादीच्या तळाशी तू विचारलंयस, गेम कुठला, स्क्रीन केवढा, खेळणाऱ्याची सवय काय. ते कळल्याशिवाय कार्ड पक्कं सांगता येत नाही. बरोबर आहे. मीही गिऱ्हाइकाला विचारायचो, सेट कुठल्या खोलीत ठेवणार. तर, खेळ विमान उडवण्याचा आहे. गोळीबार नाही, शर्यत नाही. खऱ्या जगाचा नकाशा, खरी शहरं, आणि आपण वरून जायचं. दवाखान्यातल्या एका मंद कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाने तो पाहिलाय, पण तिथे शहरं चिखलासारखी दिसतात. त्याला रस्ते दिसायला हवेत. एक विशिष्ट रस्ता दिसायला हवा. म्हणून तू लिहिलेल्या दोन कार्डांपैकी मोठं घेतलं.

वय माझ्याएवढंच. सध्या ते डाव्या हाताने खेळतं. उजवा हळूहळू येईल असं फिजिओथेरपिस्टबाई म्हणतात, बटणं दाबत राहिलं तर. तुला हे अशासाठी सांगतो, की माउस कुठल्या बाजूचा घ्यावा ते ठरवता येईल.

जुळवणी मीच केली, तीन सकाळी लावून. प्रोसेसर बसवताना श्वास रोखला होता. त्याच्यावरचा, गरमी ओढून घेणाऱ्या लेपाचा ठिपका तू लिहिल्याप्रमाणे वाटाण्याएवढाच. स्क्रू आवळताना तोंडाने भुजंगप्रयातातला श्लोक चालू, म्हणजे हात घाई करत नाही.

आता तक्रार. कॉम्प्युटर चालू होत नाही. मी आपल्या पद्धतीनेच गेलो. नवा सेट थेट प्लगला कधी लावायचा नाही, वाटेत शंभरचा बल्ब जोडायचा. आत कुठे काही जळत असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. जुन्यातला एक बल्ब कापसात जपून ठेवला होता, तो लावला. बटण दाबलं की पंखे अर्धा फेरा घेतात आणि थांबतात. बल्ब लाल होतो, विझतो. पुन्हा अर्धा फेरा. दहा वेळा पाहिलं. मला वाटतं, तू निवडलेला पॉवर सप्लायच सदोष आहे. हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता. चांगल्या वस्तूला वजन असतं. घाईत लिहिलास का?

लवकर कळव. गिऱ्हाईक रोज सकाळी येऊन त्या काचेसमोर बसतं. काही बोलत नाही. नुसतं माझ्याकडे बघतं.

बाबा


२० फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं पोस्टकार्ड आलं. त्यावर चार शब्द. "बल्ब काढा. थेट लावा."

मी तासभर ते घेऊन बसलो. पन्नास वर्षं ज्या बल्बने मला दगा दिला नाही तो काढायचा, आणि तोही लेकीच्या सांगण्यावरून. मग काढला. डोळे मिटून बटण दाबलं. पंखे फिरले आणि फिरतच राहिले. निळे दिवे लागले. पॉवर सप्लायमध्ये काही खोट नव्हती. माझ्या बल्बमुळे त्याला विजेचा पुरेसा दाबच मिळत नव्हता. तुझ्यावर घाईचा आरोप केला तो मागे घेतो.

आता जे पहिल्या पत्रात लिहायचं होतं ते लिहितो. लिहून झालं की वाचणार नाही, नाहीतर फाडेन.

गिऱ्हाईक म्हणजे तुझी आई आहे.

सप्टेंबरात, एका मंगळवारी सकाळी, ती खिडकीशी कपडे घडी करत होती. घडी हातातून पडली. मी म्हटलं, "अगं, उचल की." तिने माझ्याकडे पाहिलं आणि जे बोलली ते शब्द नव्हते. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता पाय बराचसा आलाय, काठी घेऊन चालते. हात येतोय. समजतं तिला सगळं. बोलण्यातले दोनच शब्द शिल्लक आहेत, "हो" आणि "नको". त्या दोन शब्दांत ती मला पूर्वीइतकंच रागावू शकते, तेव्हा तू फार घाबरू नकोस.

तू म्हणशील, हे कसं शक्य आहे, आई मला रोज मेसेज करते.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर तिचा फोन माझ्या खिशात होता. तुझा मेसेज आला, "आई, फोन का उचलत नाहीस?" मी लिहिलं, "कामात होते ग." तुला एकदम घाबरवू नये, एवढंच मनात होतं. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तू लिहिलंस, "जेवलीस का? आज दमलेली वाटतेस." मला असं कुणी कितीतरी वर्षांत विचारलं नव्हतं. मी लिहिलं, "जेवले."

तेव्हापासून पाच महिने तुझी आई म्हणून मीच लिहितोय.

रविवारी तू फोन करायचीस, तर फोनचा माइक बिघडल्याचं सांगितलं. "बाबा दुरुस्त करतायत" असंही लिहिलं. त्यावर तुझं उत्तर, "अगं त्यांना देऊ नकोस, पाच वर्षं उघडून ठेवतील!" मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि पलीकडच्या खाटेवरून आईने बघितलं. तिला तेव्हाच कळलं असणार. ती "नको" म्हणाली. मी ऐकलं नाही.

मला गोडी लागली होती, ठिणगे. तू आईशी किती बोलतेस! बूट चावतो, जावईबुवा झोपेत हिशेब बडबडतात, आज एका गिऱ्हाइकाने उलटा पंखा बसवून आणला. हे सगळं माझ्याकडे येत होतं आणि माझ्यासाठी नव्हतं. तुझ्या आणि आईच्या मधे मी येऊन बसलो, आणि तुझ्यापर्यंत तिची खरी खबर पोचू दिली नाही.

डिसेंबरात तू लिहिलंस, "दुकान विकण्याआधी त्यांनी मला एकदा विचारलं असतं, तर मी कुठेही गेले नसते." तीन दिवस मी तेच वाक्य वाचत राहिलो. मग आईच्या नावाने लिहिलं, "त्यांना चूक कळतेय ग." तू लगेच उलट लिहिलंस, "मग त्यांनी सांगावं."

ते सांगायलाच पहिलं पत्र लिहायला बसलो होतो. आणि रॅमबद्दल विचारत सुटलो. वर तू आईला मेसेज केलास, "बाबांना म्हातारपणी गेम कुठून सुचला?" आणि मी निर्लज्जपणे आईच्या नावाने लिहिलं, "मला काय ठाऊक."

तर सांगतो. तू परीक्षेला परगावी गेलीस आणि मी दुकान विकलं. रेडिओचा धंदा बुडत होता, तो तुझ्या गळ्यात नको, असं मनाशी ठरवलं. तू त्यात काय करू शकतेस हे एकदाही विचारलं नाही. तू परत आलीस तेव्हा आपल्या फळ्यांवर चपलांचे खोके होते, आणि मी तुला म्हणालो, "तुझ्या भल्यासाठीच." तुझा चेहरा मला दिसत होता. तरी मी तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणालो. मग लग्नालाही आलो नाही, कारण तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नव्हतं, आणि मी त्याला मान म्हणत राहिलो. आईलाही लग्नाला येऊ दिलं नाही. माझं चुकलं. हे आईच्या नावाने लिहिता आलं, माझ्या नावाने लिहायला अकरा वर्षं लागली.

आज का लिहितोय तेही ऐक. सोमवारी आईने पहिलं उड्डाण केलं. फिजिओथेरपिस्टबाई शेजारी उभ्या होत्या. डावा हात दिशा देणाऱ्या माउसवर, उजवा वेगासाठी जोडलेल्या दांडीवर नुसता ठेवलेला. दोनदा विमान शेतात आपटलं. बाई म्हणाल्या, "आजी, थांबूया?" तर "नको!" तिसऱ्यांदा उचललं. मग तिने मला डायरीतला तुझा पत्ता दाखवला. बोट तुझ्या गावावर ठेवलं.

दीड तास आम्ही येत होतो तुझ्याकडे. नदी लागली, पूल लागला. मोठं कार्ड घेतलं ते बरं केलं, रस्ते स्वच्छ दिसत होते. तुझी गल्ली सापडली. तुझं घर त्या खेळात नुसता एक ठोकळा आहे, दार नाही, खिडक्या भलतीकडेच. आईने त्याच्याभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली. उतरायला जागा नव्हती. सात फेऱ्यांनंतर मी म्हटलं, "चल आता परत." ती "नको" म्हणाली. नवव्या फेरीला तिची उजवी बोटं दांडीवर घट्ट वळलेली मला दिसली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी आनंदाने ओरडलो, तर तिने तो हात सोडवला, कसाबसा उचलला आणि टेबलावरच्या तिच्या फोनवर ठेवला. मग फोन माझ्याकडे सरकवला.

"सांगू तिला?" म्हटलं.

"हो."

फोनवर तुझ्याशी आईच लिहायची, म्हणून तिथे लिहवेना. कागद घेतला. तू आता मला काय म्हणशील ते म्हण. पण आईला भेटायला ये. मी समोर नको असेन तर त्या दिवशी बाहेर जाऊन बसेन.

दाराची घंटा वाजतेय. बाई पाचला यायच्या, आता तर तीनच वाजलेत. बघून येतो.

ठिणगे, आता पुढचं घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. दारात एक उंच माणूस उभा होता, पाठीला पिशवी, प्रवासाने चुरगळलेला. म्हटलं, कोण हवंय? तर वाकून पायाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा, मी तुमचा जावई. तिला ठाऊक नाही मी इथे आलोय ते. तुमचं दुसरं पत्र आल्यापासून ती नीट जेवलेली नाही. डाव्या हाताने खेळणारं ते गिऱ्हाईक कोण, हे विचारायचं धाडस तिला होत नाहीये. म्हणून मी विचारायला आलोय."

मी आतल्या खोलीकडे बोट केलं. तो आत गेलाय, आईजवळ खाली बसलाय. हे पत्र टपालात टाकत नाही. त्याच्याच हाती देतो, म्हणजे वाटेत कुठे थांबायला नको.

यापुढे जे लिहीन ते स्वतःच्या नावाने लिहीन.

तुझा अपराधी,
बाबा